सांजांवची उडी

२४ जून जवळ आला की गोव्यातील आमच्या वाड्यावाड्यांतून घुमटाचा नाद उठू लागतो. माथ्यावर पानाफुलांचे कोपेल चढवून तरुण पावसाने भरलेल्या विहिरींत उड्या घेतात. संत योहान बाप्तिस्ता मातेच्या उदरात आनंदाने उसळला, त्याचे हे स्मरण. विहिरींना कुलुपे घालावीत, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. मात्र उडी पायांवर घ्यावी की डोक्यावर, याविषयी आम्ही हट्टी आहोत.

मानेत ७ मणके असतात व त्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. सूर मारणाऱ्याचे डोके तळाच्या दगडावर आपटले, म्हणजे मागून येणाऱ्या सगळ्या देहाचा भार त्या इवल्या हाडांवर पडतो. मणका फुटून मज्जारज्जूत रुततो. श्वासपटल हलविणारी नस मज्जारज्जूच्या मानेतील तिसऱ्या ते पाचव्या भागांतून निघते. इजा त्याहून वर झाली तर श्वास तत्काळ बंद पडतो. खाली झाली तर श्वास चालतो, परंतु हातपाय आज्ञा मानीत नाहीत, आणि पट्टीचा पोहणाराही कमरेइतक्या पाण्यात बुडतो. काठावरच्यांस वाटते, गडी थट्टा करतो आहे! जूनचे पाणी गढूळ, तळ दिसत नाही. त्यात फेणी पोटात गेली की खोलीचा अंदाज राहत नाही.

मान मोडावयास फार उंची लागते, असेही नाही. ९८ वर्षांचा याजक एली आसनावरून मागे पडला व मान मोडून मेला, असे शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात आहे. तो वृद्ध व जड होता, हे कारणही तेथेच दिलेले आहे. वैद्यांस भर घालावयास फारसे उरत नाही.

आम्हांस अधिक भय वाटते ते मायेच्या माणसांचे. एक बखोटीस धरतो, दुसरा पाय उचलतो, डोके लोंबकळते. आणि मोडका मणका सरकून उरलासुरला मज्जारज्जूही चिरडला जातो. जखमीस पाण्यातच उताणे तरंगत धरावे, डोके, मान व धड एका रेषेत ठेवावे. श्वास बंद असेल तर वेळ न दवडता बाहेर काढून तोंडाने श्वास द्यावा. ते मानेहूनही आधी. श्वास चालू असेल तर घाई नको. १०८ ला बोलवावे, रुंद फळीवरच उचलावे. बसवू नये, उशी देऊ नये, पाणी पाजू नये.

यंदा मिस्सेनंतर दोघा जाणत्यांनी बांबू सोडून विहिरीचा तळ पाहावयाचा आणि काठावर एक फळी व दोर ठेवावयाचा, असे आमच्या वाड्यावर ठरले आहे. पोरे हसतात. हसोत बापडी.