माझा सायकल प्रवास : कोर्लईतलं पंक्चर

'माझा अविस्मरणीय प्रवास' हा निबंध आपण दरवर्षी मुलांना लिहायला देतो. मुलं लिहितात, "सकाळी लवकर उठलो, गाडीत बसलो, खूप मजा आली." आपण लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ सुधारतो आणि दहापैकी सहा गुण देऊन मोकळे होतो. या वेळी म्हटलं, आपणच लिहून बघू. गुण तुम्ही द्या.

मी नंदुरबार जिल्ह्यातला, धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत शिकवतो. आमच्या जिल्ह्यात तापी आहे, नर्मदा आहे. पण दोघी समुद्राला भेटतात ते गुजरातेत जाऊन. खारे वारे आणि मतलई वारे मी कितीतरी वर्षं फळ्यावर बाण काढून शिकवले, अंगावर मात्र एकदाही घेतले नव्हते. म्हणून दिवाळीच्या सुटीत मुंबईपर्यंत रेल्वेने आणि तिथून भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मांडव्याला सायकल नेली आणि एकटाच दक्षिणेकडे निघालो. सोबतीला दोघं-तिघं येणार होते, पण ऐनवेळी प्रत्येकाच्या घरी काहीतरी निघालंच!

सगळ्या प्रवासाचं नाही सांगत. अलिबाग ते दिवेआगर, हा एकच दिवस सांगतो. साधारण पंच्याहत्तर किलोमीटर.

सहा वाजता अलिबाग सोडलं. वारा डाव्या कानाला लागत होता, थंड, जमिनीकडून समुद्राकडे जाणारा. हाच तो मतलई वारा. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर थंड होते, म्हणून वारा जमिनीकडून वाहतो. दुपारी हाच खेळ उलटा झाला, जमीन तापली आणि वारा उजव्या कानाला लागायला लागला. दोन कानांवर पाठ पूर्ण! दुसरी एक समजूतही त्या दिवशी मोडली. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट, असं मला वाटायचं. पण सह्याद्रीच्या सोंडा थेट समुद्रापर्यंत आल्या आहेत. सोंड आली की चढ, खाडी आली की उतार. दिवसभर हेच.

रेवदंड्यात रस्ता जुन्या पोर्तुगीज तटबंदीतूनच जातो. पुढे कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडला, साळाव मागे पडलं आणि कोर्लईजवळ मागचं चाक फसफस करत बसलं.

पंक्चरचं सामान जवळ होतं. सोल्युशन, पॅच, पंप, सगळं. पण भोक नेमकं कुठे आहे ते कळायला ट्यूब पाण्यात बुडवावी लागते. जवळच्या घरासमोर एक आजी भाजी निवडत बसल्या होत्या. म्हटलं, "मावशी, एक घमेलं पाणी मिळेल का?" त्या म्हणाल्या, "बस की बाबा सावलीत, उन्हात काय करतोस?" त्यांचा नातू, असेल सहा-सात वर्षांचा, घमेलं घेऊन आला आणि समोर उकिडवा बसला.

मी ट्यूब फिरवत होतो. एकदम तो ओरडला आणि बोट दाखवून काहीतरी बोलला. मला एक अक्षर कळलं नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो आणि तो माझ्याकडे, की याला एवढंही कसं समजत नाही! शेवटी आजी हसत म्हणाल्या, "बुडबुडे आले म्हणतोय."

"मावशी, ही कोकणी का?"

"नाही रे, आमची भाषा. नो लिंग."

नो लिंग म्हणजेच आमची भाषा. चौल-रेवदंड्याला पोर्तुगीज सोळाव्या शतकात आले. १७४० मध्ये हा भाग मराठ्यांकडे गेला, पोर्तुगीज निघून गेले, पण पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली ही बोली कोर्लईतल्या ख्रिस्ती घरांत राहिली. बोलणारे सुमारे हजारभर. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये या बोलीवर अख्खं पुस्तक लिहिलंय.

मी आजींना विचारलं, "मग शाळेत कसं करतो हा?"

"पहिल्यांदा मराठी कुठे येत होती? बाईंना आमचं कळायचं नाही. पण बाई रागवायच्या नाहीत. विचारायच्या त्याला, याला तुमच्यात काय म्हणतात म्हणून."

मी पॅच दाबून धरला होता. तो चिकटल्यावरही बराच वेळ दाबूनच धरला.

आमच्या पाड्यावरची मुलं घरी पावरी बोलतात. माझ्या पहिलीच्या वर्गात एक मुलगा होता. घंटा झाली की अंगणात गडगडाटी बोलायचा, वर्गात गप्प. मी रोज त्याला म्हणायचो, "मराठीत सांग." चार महिन्यांनी मी त्याच्या पुढे 'अबोल, प्रगती कमी' असं लिहून टाकलं. आणि मी कोण? घरी अहिराणी बोलणारा आणि डी.एड.ला गेल्यावर ती लपवणारा.

आजींनी चहा दिला, पैसे घेतले नाहीत.

पुढचं भरभर सांगतो. काशीदचा चढ उतरून ढकलत चढलो. मुरूडला जेवण, जंजिरा लांबूनच. आगरदांड्याहून दिघीला फेरीबोटीत सायकल कठड्याला टेकवून उभा राहिलो. पाण्यावर उन्हं उतरली होती आणि मला तो 'अबोल' शब्दच दिसत होता. अंधार पडता पडता दिवेआगरला पोहोचलो.

सुटीनंतर पहिल्याच दिवशी सायकल थेट वर्गात नेली. चाकावर हात ठेवून विचारलं, "याला तुमच्यात काय म्हणतात?" थोडा वेळ कोणीच बोलेना. मग तो उठला. त्याने शब्द सांगितला, मी म्हटला. त्याने मान हलवली, "असं नाही, गुरुजी." पुन्हा म्हटला. पुन्हा चुकला. तिसऱ्या वेळी तो जवळ आला आणि माझ्या तोंडाकडे बघत हळूहळू, सुटं सुटं करून सांगायला लागला, आणि मागे अख्खा वर्ग हसत होता.