पणजोबांचा माग : संग्रामपूर

सातपुडा उत्तरेला ठेवून वसलेल्या संग्रामपुरात आम्ही पणजोबांच्या नोंदी शोधत होतो. इंग्रजी अमलात विणकरांच्या काफिल्याबरोबर ते उत्तरेतून वऱ्हाडात आले, असे घरात सांगतात. त्यांच्या १९०२ च्या निकाहनाम्यावर मात्र जिल्हा अकोला! चूक नव्हे. हा भाग तेव्हा जळगाव तालुक्यात होता. तो तालुका १९०५ मध्ये अकोल्यातून बुलढाण्यात आला. म्हणजे जुने कागद अकोल्यातही पाहायला हवेत.

भाचा म्हणतो, डीएनए चाचणी करा. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, त्यामुळे उत्तरेतले एखादे चुलत घराणे जुळेलही. पण गावाचे नाव रक्तात नसते. शिवाय पणजीचे माहेर त्या चाचणीत येतच नाही. निकाहनाम्यावर तिच्या वडिलांचे नाव आहे, गावही आहे.