जड टोकाचा बाण

मंडळी, गेल्या ऑक्टोबरातलं एक हरीण अजून डोक्यातून जात नाहीये. मिशिगनचं जंगल, ४५ पौंडी साधं रिकर्व्ह धनुष्य (लायसन्स आहे हो!), १८ यार्डांवर व्हाइटटेल. बाण खांद्याच्या हाडावर बसला, जेमतेम दोन इंच आत गेला. दोन दिवस रक्ताचे थेंब शोधत फिरलो. हरीण काही मिळालं नाही.

मग हिवाळाभर बाणाच्याच मागे लागलो. जुना बाण ३९० ग्रेन, म्हणजे फक्त २५ ग्रॅम! एड ॲशबी नावाच्या गृहस्थांनी वर्षानुवर्षं चाचण्या घेतल्यात. त्यांचं म्हणणं, हाड फोडायचं तर ६५० ग्रेनच्या आसपास वजन हवं, आणि ते पुढे हवं. माझ्या धनुष्यातून ६५० चा बाण फारच लवकर खाली येतो, म्हणून ५७० वर थांबलो. १०० चं पितळी इन्सर्ट आणि २०० चं पातं.

आता गंमत बघा. टोक जड केलं की सुटताना काडी जास्त वाकते. बिनपिसाचे बाण मारून पाहिले, सगळे उजवीकडे! मग ५०० ऐवजी ४०० स्पाइनची काडी घेतली (आकडा लहान तेवढी काडी कडक, हे उलटं गणित कुणाचं कोण जाणे). आता २९ इंची बाण खाचेपासून साडेएकवीस इंचांवर तोलतो. मध्य साडेचौदा, फरक ७, भागिले २९. झाले २४ टक्के. आधी १६ होते.

सीझन १ ऑक्टोबरला उघडतो. बायकोने विचारलं, "आणि परत हाडावर बसला तर?"

म्हटलं, १५ यार्डांपलीकडे सोडणारच नाही. तिला ते पटलेलं दिसलं नाही.