अलीगंजातले ताम्हण

लखनौच्या माळ्यापुढे ‘ताम्हण’ हा शब्द उच्चारला तर त्याच्या डोळ्यांपुढे ना झाड येते, ना पूजेचे पात्र. तो या झाडाला ‘जारुल’ म्हणतो. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या खटपटीने १९२६ मध्ये येथे संगीत महाविद्यालय निघाले आणि शहराला मराठी आडनावांची सवय झाली. झाडांच्या मराठी नावांची काही झाली नाही.

अलीगंजातल्या एका निवृत्त मराठी प्राध्यापकांनी अंगणात जारुलाचे रोप लावले ते पत्नीच्या हट्टाखातर. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प, हे प्राध्यापकांनी शेजाऱ्यांना सांगितलेले कारण. बाईंच्या मनात मात्र कोकणातल्या माहेरच्या वहाळाकाठचे झाड होते.

पाणथळीचे हे झाड लखनौच्या लूमध्ये जगवायचे म्हणजे रुंद आळे, पालापाचोळ्याचे आच्छादन आणि संध्याकाळचे भरपूर पाणी. गंगेच्या खोऱ्यातली गाळाची माती त्याला मानवली. पहिल्या हिवाळ्यात पाने तांबडी होऊन गळाली, तेव्हा ते गेलेच असे वाटले. होळीनंतर पुन्हा पालवी फुटली. झाड वाढले, फूल मात्र येईना. “यंदा तरी?” हा बाईंचा दर चैत्रातला प्रश्न. पाचव्या हिवाळ्यात त्या गेल्या.

दोष मातीचा नव्हता. ताम्हणाचा तुरा त्याच वर्षीच्या नव्या फुटीच्या शेंड्यावर येतो, आणि प्राध्यापक नेमके चैत्रात, झाडाला डौल राहावा म्हणून, शेंडे छाटून घेत. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतली वाक्ये जन्मभर छाटलेला हात तो! माळ्याला हे ठाऊक होते. मग बोलला का नाहीस, असे विचारल्यावर तो अस्सल लखनवी अदबीने म्हणाला, “हुजूर को गोल पसंद था.”

त्यानंतर कात्री लागली ती पानगळीत, वाळलेली बोंडे काढण्यापुरती. पुढल्या ज्येष्ठात तुरे उभे राहिले. चुरगळलेल्या रेशमासारख्या सहा पाकळ्या. खालची फुले आधी उमलणारी, ताजेपणी गडद जांभळी आणि शिळी होताना फिकट गुलाबी. एकाच तुऱ्यात सगळ्या छटा. प्राध्यापक त्या महिन्यात संध्याकाळचे पाणी स्वतः घालत. माळ्याला त्यांनी ते करू दिले नाही.

झाड आता गोल नाही. एक फांदी भिंतीवरून पलीकडे गेली आहे आणि शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर फुले टाकते. ती छाटू का, असे त्यांनी विचारले, तेव्हा प्राध्यापकांनी पानगळीपर्यंतची मुदत मागून घेतली.