चांगुणा, सारा आणि वेहेरगावची वाट

30 मार्च 2025, गुढीपाडवा. मळवली

रविवारच्या चित्रकलेच्या वर्गात या सुट्टीत एकच विषय घ्यायचा ठरवलाय: जुन्या कथा आणि आजचे चित्रकार. मुलं कामशेत, कार्ला, पाटण या भागातली. एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांच्या तयारीत स्थिरचित्र आणि संकल्पचित्र त्यांच्या हातात चांगलं बसलंय. पण आजी सांगते ती गोष्टही चित्राचा विषय होते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

सुरुवात सिओना बेंजामिनपासून. जन्म मुंबईचा, शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, घर बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, आता वास्तव्य अमेरिकेत न्यू जर्सीला. तिच्या ‘फाइंडिंग होम’ मालिकेतल्या बायका कृष्णाच्या रंगाच्या, निळ्या आहेत. त्यातल्या एकीला देवीसारखे अनेक हात आणि त्या हातांचाच मेनोरा, म्हणजे ज्यूंचा सात दिव्यांचा दीप, झालेला. तिनं लिलिथही रंगवली आहे. ज्यू लोककथेत लिलिथ ही आदमची पहिली बायको. बरोबरीचा मान मिळेना म्हणून ती निघून गेली आणि पुढे कथेनं तिला बाळंतिणीच्या मुलावर टपलेली हडळ करून टाकलं. सिओना त्या हडळीला तिचा चेहरा परत देते. आमच्या मुलींना हे समजावून सांगावं लागणार नाही. प्रत्येकीच्या गावात विहिरीजवळ किंवा वडाखाली अशी कुणीतरी आहेच, आणि ती आधी कोण होती हे कुणी विचारलेलं नसतं.

1 एप्रिल

इस्रायलमधल्या अश्दोदला फोन केला. पुण्यातली जुनी मैत्रीण, तिथं जाऊन हयात गेली तरी मराठी तशीच अलिबागची. तिच्याकडून मुलांसाठी बेने इस्रायली पूर्वजांची कथा पुन्हा ऐकून घेतली: नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. जे बुडाले त्यांना तिथंच पुरलं. पोथ्या समुद्रात गेल्या. वाचलेले लोक घाणा चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागलं. आडनावं गावांची: पेणकर, दिवेकर, केहिमकर.

“आणि एलियाहूचा रथ?” मी विचारलं.

“अगं, तो खंडाळ्याला. तुमच्या घाटातलं नव्हे, अलिबागजवळचं खंडाळा. खडकावर चाकांच्या खुणा आहेत ना. आई नवस फेडायला तिथं घेऊन जायची. मलिदा करायचा, पोहे-खोबरं-साखर, वर फळं. इथंही करतो आम्ही, फक्त पोहे शोधत फिरावं लागतं.”

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. संदेष्टा बायबलातला, पण तो स्वर्गात गेला तो कोकणातल्या खडकावरून, आणि त्याला नवस बोलायचा तो आपल्या पद्धतीनं. 1880 च्या सुमारास याच समाजानं मुंबईत बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं रचली. अब्राहाम आणि योसेफ यांची चरित्रं आख्यानात आली. पोथ्या बुडाल्या तरी लोकांनी कथा राखली, आणि राखताना तिच्यात आपलं घर मिसळलं.

फोन ठेवताना ती म्हणाली, नातू सैन्यात आहे, रात्री झोप लागत नाही. मग म्हणाली, पलीकडे गाझातल्या आयांना तरी कुठे लागत असेल. त्यावर मी काही बोलले नाही.

4 एप्रिल, चैत्र शुद्ध सप्तमी

पहाटेपासून वेहेरगावची वाट भरून गेली. मुंबई, ठाणे, रायगडच्या किनाऱ्यावरून कोळी-आगरी मंडळी एकविरेच्या पालखीला आली आहेत. बेंजो, त्यावर नाचणारी पोरं, डोक्यावर भरजरी शाल घेतलेल्या आज्या, आणि एका टेम्पोत नवसाचे बकरे. पायऱ्या चढताना एक म्हातारी नातवाला सांगत होती: आईनं पांडवांना अट घातली, देऊळ एका रात्रीत बांधा. बांधलं त्यांनी.

देवळाच्या शेजारी कार्ल्याचं चैत्यगृह आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं. आत शिरले की दर वेळी मान वर जाते. सागवानी फासळ्या अजून छताला आहेत. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीनं लेखात लिहून ठेवलंय की हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम. खांबांवर दात्यांची नावं आहेत आणि त्यांतले काही जण स्वतःला धेनुकाकटचे यवन म्हणवतात. परदेशी मुळाच्या माणसानं मावळातल्या डोंगरात बुद्धासाठी खांब दिला आणि त्यावर प्राकृतात नाव कोरून घेतलं. दर्शनी भिंतीवर मिथुनशिल्पांच्या मधल्या जागेत पुढे काही शतकांनी बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या. तोंडाशी सिंहस्तंभ, आणि त्याच्या जोडीचा स्तंभ जिथं असावा असं मानतात तिथं आज देवी. इथं कुणीही आधीच्याला पूर्ण पुसलेलं नाही.

5 एप्रिल

काल पाहिलेले बकरे डोळ्यांपुढून हलेनात, म्हणून आज मेनाशे कादिशमान काढून बसले. इस्रायलचा शिल्पकार, 1932 ते 2015. तरुणपणी त्यानं किबुत्झवर मेंढ्या राखल्या होत्या. 1978 मध्ये व्हेनिस बिएनालेत त्यानं जिवंत मेंढ्याच नेल्या, पाठीवर निळा रंग लावून. पुढे लेबनॉनच्या युद्धाच्या काळात तो अब्राहामाच्या कथेकडे वळला. देव अब्राहामाला मुलाचा बळी मागतो, शेवटच्या क्षणी देवदूत हात धरतो, मुलाच्या जागी मेंढा येतो, अशी मूळ कथा. तेल अवीवच्या कलासंग्रहालयाच्या आवारातल्या त्याच्या पोलादी शिल्पात देवदूत नाहीच. मेंढा उभा आहे आणि मुलाचं शीर जमिनीवर पडलंय. बाजूला शोक करणाऱ्या बायका.

बायबलच्या त्या अध्यायात मुलाची आई सारा येतच नाही. पुढचा अध्याय उघडतो तो तिच्या मृत्यूनं. कादिशमाननं आईला तिथं आणून उभं केलं, हे मला त्या शिल्पातलं सर्वांत मोठं धाडस वाटतं.

आणि आपली चांगुणा! शिव अतिथी होऊन येतो आणि चिलया बाळाचं मांस मागतो. ती मुलाला कापते, मुख पाहायला मिळावं म्हणून शीर लपवून ठेवते, तर अतिथी तेही मागतो: उखळात कांड, आणि डोळ्यांत पाणी आणू नको. श्रीधरांच्या शिवलीलामृतात (1718) ही कथा आहे, पण त्याआधी आणि त्यानंतरही ती जात्यावरच्या बायकांची होती. माझ्या आजीला ती पाठ होती. शेवटी चिलया धावत येतो तिथं आजी घाईनं पुढे जायची आणि उखळापाशी मात्र रेंगाळायची. देवाची परीक्षा हा कथेचा विषय असेल, गाणाऱ्या बाईचा विषय मुसळ धरलेला हात होता. अब्राहामाचं कीर्तन ऐकणाऱ्या बेने इस्रायली बायकांच्या कानात शेजारच्या घरातली चांगुणा वाजत असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

8 एप्रिल

आज आफ्रिका. केनियाची वांगेची मुतू. न्यू यॉर्कच्या मेट संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीतले कोनाडे 1902 पासून रिकामे होते. 2019 मध्ये तिनं तिथं काशाच्या चार स्त्रिया बसवल्या. आफ्रिकेत आणि ग्रीसमध्येही छत किंवा राजाचं आसन डोक्यावर तोलणाऱ्या स्त्रीमूर्तींची परंपरा आहे. मुतूच्या स्त्रियांच्या डोक्यावर भार नाही, त्या नुसत्या ताठ बसल्या आहेत. हे दाखवताना शेजारी कार्ल्याच्या चैत्यगृहातले भार पेलणारे हत्ती ठेवणार.

आणि सिद्दी बायकांची कवंदी, म्हणजे गोधडी. हल्याळ, येल्लापूर, कर्नाटकातली. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे हे वंशज. मूळ भाषा गेली, पण जुन्या साड्या-लुगड्यांचे तुकडे कडेपासून मध्याकडे शिवत जायची रीत त्यांनी घडवली. चारही कोपऱ्यांवर त्रिकोणी फुला लावल्याशिवाय कवंदी पुरी होत नाही. का, तर त्यांच्याविना कवंदी उघडी राहते. मुलांना एक गोधडी घरून आणायला सांगितलंय, कोपरे तपासू.

13 एप्रिल, भाजे

सकाळी लवकर मुलांना घेऊन विहारापाशी गेले. दाराच्या एका बाजूला रथातला सूर्य, दुसरीकडे हत्तीवर इंद्र. काही अभ्यासक त्यांना मांधाता राजाच्या कथेतली दृश्यं मानतात. दोन्ही मतं सांगितली आणि कागद दिले. विषय: या कथेत जो बोलत नाही तो.

बहुतेकांनी हत्तीनं उपटलेलं झाड निवडलं. पाटणची सातवीतली मुलगी मात्र सूर्याकडे पाहत बराच वेळ थांबली. रथाच्या चाकांखाली अजस्र देह चिरडलेले आहेत, सहसा कुणी तिकडे बघत नाही. तिनं रथ काढलाच नाही. पानभर तो खालचा देह, आणि त्याच्या पाठीवर चाकाची एक जाड रेघ.

“बाई, ही बाई आहे का बाप्या, दगडात कळत नाही,” ती म्हणाली. “मी बाई केली. चालेल ना?”

चालेल म्हटलं, आणि डोळे नीट काढ म्हणून सांगितलं.