शनिवारी बिब, रविवारी घाट

जोडून सुट्टी आली की बहुतेक घरांत एकच चर्चा रंगते, या वेळी कुठे जायचं? आमच्या रनिंग क्लबमध्ये हा प्रश्न फारसा पडत नाही. वर्षाचं कॅलेंडर शर्यतींनी आधीच भरलेलं असतं. जानेवारीत मुंबई, ऑगस्टच्या शेवटी हैदराबाद, पावसाळा सरता सरता सातारा, डिसेंबरमध्ये वसई-विरार. कोथरूडमध्ये राहणारे आणि पहाटे वेताळ टेकडीवर सराव करणारे आम्ही 30-35 जण. बँकेतले, निवृत्त शिक्षक, दोन दंतवैद्य आणि बऱ्याच गृहिणी. बक्षीस मिळवण्याइतका वेग आमच्यापैकी कुणाकडेच नाही. तरीही या मंडळींबरोबर जी शहरं मी पायी पाहिली, ती गाडीतून कधी तशी दिसली नसती.

शर्यत रविवारी असली तरी निघावं लागतं शनिवारीच, कारण बिब आदल्या दिवशीपर्यंत घ्यायचा असतो. बिब म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक; वेळ मोजणारी चिप बहुतेक वेळा त्यालाच चिकटवलेली असते. त्यामुळे शनिवारचं पर्यटन अर्धंमुर्धंच होतं. किल्ला चढायचा नाही, तिखट खायचं नाही, 9 वाजता झोपायचं. सोबत आलेले घरचे लोक मात्र मजेत गाव फिरून येतात आणि काय काय खाल्लं ते आम्हाला सविस्तर सांगतात.

यवतेश्वरचा चढ

माझी सर्वांत आवडती शर्यत साताऱ्याची. पुण्याहून 110 किलोमीटर, खंबाटकी घाट ओलांडला की आलंच. इथली हिल हाफ मॅरेथॉन 2012 पासून होते. 21 किलोमीटरचा हा मार्ग शहरातून निघून यवतेश्वरच्या घाटाने कास रस्त्यावर चढतो आणि तसाच परत उतरतो. म्हणजे निम्मी शर्यत चढाची. हवेत धुकं, अंगावर भुरभुर पाऊस, एका बाजूला ओला कातळ आणि खाली हळूहळू लहान होत जाणारं गाव. चढावर चालायला इथे कुणाला कमीपणा वाटत नाही. चांगले चांगले धावपटूही कमरेवर हात ठेवून चालतात.

या जिल्ह्याला धावण्याचं वेगळं कौतुक आहे. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. दुष्काळी भागातल्या शेतकरी कुटुंबातली ही मुलगी. शर्यतीच्या सकाळी रस्त्याकडेला टाळ्या वाजवणाऱ्या शाळकरी मुली पाहिल्या की मला तिची आठवण येते.

मागच्या वेळी आमच्यासोबत क्लबमधल्या एक काकू होत्या. वय 54. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं म्हणून त्या आमच्यात आल्या आणि दोन वर्षांत धावू लागल्या. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. लग्नानंतर एकटीने घराबाहेर काढलेली ही त्यांची पहिलीच रात्र. औषधं, पेज, डायपर, सगळ्याच्या वेळा लिहून त्यांनी फ्रिजवर कागद लावला होता. तरी परतीच्या वाटेवर, 14व्या किलोमीटरच्या आसपास, नवऱ्याचा फोन आलाच. प्रेशरची गोळी कुठे आहे? काकू म्हणाल्या, ‘‘अहो, कागद वाचा,’’ आणि फोन कमरेच्या पट्ट्यात टाकून पुढे निघाल्या.

त्या पोहोचल्या तेव्हा ठरलेली मुदत उलटून 11 मिनिटं झाली होती. रस्ता वाहनांसाठी पुन्हा खुला होत होता, पाण्याची टेबलं आवरली जात होती. मेडल मिळालं नाही. काकूंना वाईट वाटलं, नाही असं नाही. परतीच्या गाडीत कंदी पेढ्यांचा खोका मांडीवर घेऊन त्या बराच वेळ गप्प होत्या. मग शिरवळच्या पुढे म्हणाल्या, ‘‘सासूबाईंना कुणी पुसलं असेल का रे आज?’’ गाडी चालवणारा त्यांचा मुलगा म्हणाला, ‘‘बाबांनी.’’ यावर त्या पुन्हा गप्प झाल्या, पण ही शांतता निराळी होती.

सी-लिंक आणि पेडर रोड

मुंबई मॅरेथॉन म्हणजे जत्राच. 2004 साली सुरू झालेली ही शर्यत जानेवारीत होते आणि त्या दिवशी धावपटूंसाठी पहाटे खास लोकल सोडतात. डब्यात सगळ्यांच्या छातीवर क्रमांक, हातात केळं. एरवी वांद्रे-वरळी सी-लिंकवर पायी जायला बंदी आहे. त्या सकाळी मात्र तारांच्या त्या भल्यामोठ्या कमानींखालून आपण स्वतःच्या पायांनी समुद्र ओलांडतो. पूर्ण 42.195 किलोमीटर धावणाऱ्यांची खरी परीक्षा शेवटी, पेडर रोडच्या चढावर. लता मंगेशकरांचं प्रभुकुंज याच रस्त्यावर आहे. तिथले रहिवासी घरातून संत्री, चिक्की, मीठ लावलेल्या बटाट्याच्या फोडी घेऊन उभे असतात. अनोळखी आजी हातावर संत्र्याची फोड ठेवतात आणि ‘‘चल बेटा’’ म्हणतात. मुंबईकराला वेळ नसतो, असं यानंतर मला कुणी सांगू नये.

हैदराबाद सुंदर आहे, पण उड्डाणपूल मोजून मोजून जीव जातो. हुसेनसागरचा सपाट काठ संपला की चढ-उताराला अंत नाही, त्यात ऑगस्टचा दमटपणा. त्यानंतरची इडली मात्र विसरता येत नाही.

स्त्रियांसाठी या शर्यतींचं महत्त्व मला थोडं वेगळं वाटतं. एरवी पहाटेच्या अंधारात आमच्यातली एकही जण एकटी धावत नाही. शर्यतीच्या दिवशी चौकाचौकांत पोलीस, स्वयंसेवक, दिवे. गावचा हमरस्ता काही तास आपल्याला मोकळा मिळतो. 1984 च्या लॉस एंजलिसपर्यंत ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉनच नव्हती, इतकं अंतर त्यांना झेपणार नाही म्हणून. आता कुठल्याही शर्यतीत पन्नाशीच्या पुढच्या बायकांचा घोळका दिसतो. तक्रारीही आहेतच. काही ठिकाणी बायकांसाठी स्वच्छतागृहं कमी, टी-शर्ट पुरुषी मापाचे आणि प्रवेश फी दर वर्षी वाढती.

तुम्हाला जायचं असेल तर थेट 21 किलोमीटरला नाव देऊ नका. बहुतेक शर्यतींत 5 आणि 10 किलोमीटरचे गट असतात, तिथून सुरुवात करा. नवे बूट शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. नोंदणी काही महिने आधीच संपते, म्हणून तारखांवर लक्ष ठेवा. साताऱ्याला जाणार असाल तर सोमवारची रजा टाका. कासच्या फुलांचा हंगाम सुरू झालेला असेल, तर शनिवार-रविवारच्या मानाने त्या दिवशी पठारावर गर्दी कमी असते. फक्त प्रवेशाचं ऑनलाइन बुकिंग आधी करून ठेवा. काकूंनी यंदाचं केलं आहे, दोघांचं.