लॅमिनेशन

माझ्या संग्रहातल्या त्रेचाळीस सिनेमा-पुस्तिका मी स्वतः उभं राहून लॅमिनेट करून घेतल्या. वीस वर्षं त्याचा मला अभिमान होता. आज वाईट वाटतं.

पूर्वी थिएटरच्या दारात गाण्यांची पुस्तिका विकत मिळायची. मोजकी पानं, हलका कागद, मधे दोन पिना. वर नायक-नायिका, आत कलाकारांची नावं, अर्ध्यावर सोडलेली गोष्ट (पुढचं पडद्यावर पाहा म्हणून) आणि मग गाणी. जाहिरातच ती. पण कोल्हापुरात जाहिरातीलाही मोठ्या कलावंताचा हात लागला. बाबूराव पेंटर आपल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांची पोस्टरं स्वतः रंगवायचे, छायाचित्रं असलेल्या पुस्तिका काढायचे. १९२० च्या ‘सैरंध्री’पासूनचे त्या कंपनीचे बहुतेक चित्रपट आज उरलेले नाहीत. रीळच गेलं तिथं हातात राहतो तो कागद. तो वाचलाच पाहिजे, या ध्यासानं मी रद्दीवाल्यांकडे खेटे घालायचो.

आणि आमचा पावसाळा! भिंती ओल धरतात, कपाट उघडलं की बुरशीचा वास. झेरॉक्सच्या दुकानात पोरांच्या गुणपत्रिका गरम रोलरमधून चकचकीत होऊन येताना पाहिल्या आणि वाटलं, सापडला उपाय. मिटलेली पुस्तिका तशीच पाकिटात सरकवायची, चारी कडा बंद.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या आक्का आल्या. वय अठ्ठ्याहत्तर. मी कौतुकानं ‘साधी माणसं’ची पुस्तिका त्यांच्या हातात दिली. भालजी पेंढारकरांचा १९६५ चा चित्रपट. संगीतकार आनंदघन, म्हणजे लताबाई, हे लोकांना नंतर कळलं. आक्कांनी तो लग्नानंतर पहिल्या वर्षी पाहिलेला. त्यांनी पुस्तिका उलटी केली, सुलटी केली, कडेला नख लावलं.

“उघड की रं. लोहाराचं गाणं बघायचंय. दुसरं कडवं ध्यानात ऱ्हाईना.”

“उघडत नाही, आक्का.”

“मग पुस्तक कशाला म्हनायचं ह्येला?”

मी ब्लेड आणलं. तीन कडा कापल्या. मुखपृष्ठ प्लास्टिकला कायमचं चिकटलेलं होतं, पण आतली पानं सुटली. कोंडलेल्या ओलीनं पिना गंजल्या होत्या आणि तो तांबूस डाग नेमका गाण्यांच्या पानांवर पसरला होता. ज्या ओलीपासून वाचवायचं तीच मी आत कोंडली होती. आक्कांनी डागाशेजारच्या ओळींवर बोट ठेवलं आणि चष्मा न लावता कडवं पुरं म्हटलं. वाचत नव्हत्याच त्या. पहिला शब्द मिळाला आणि बाकीचं आपोआप आलं.

त्या दिवसापासून माझं मत फिरलं ते फिरलंच. वाचवणं म्हणजे हात लागू न देणं, असं मी धरून चाललो होतो. आता नव्या पुस्तिकेच्या पिना आधी काढतो, दोऱ्यानं पानं ओवतो, आम्लरहित कागदाच्या उघड्या पाकिटात ठेवतो. कुणी आलं की टेबलावर मांडतो. पानं मळतील, एखादा कोपरा तुटेलही. चालेल मला.

त्रेचाळिसांपैकी अकरा उघडून झाल्या. घाई करत नाही. पावसाळ्यात पान मऊ पडतं, ब्लेडबरोबर फाटतं. बाकीच्या दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की. आक्कांनी ‘मोहित्यांची मंजुळा’ आधी काढायला सांगितलीय.